हायड्रोपोनिक्सवरची काळी चिलटं फवारूनही परत येतात? हे क्रमानं तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाल्कनीत नाहीतर हॉलच्या कोपऱ्यात हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवायचा, रॅक लावणारी घरं आता बरीच झालीत. अशा ठिकाणी दुरुस्तीला गेलं की सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती काळ्या चिलटांची. झड लागली, खिडक्या बंद झाल्या की जुलै-ऑगस्टात ती ठरलेलीच.

लक्षणं

- नेट पॉटच्या (रोप लावायच्या जाळीदार पेल्याच्या) कडेवर आणि कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) दोन ते चार मिलिमीटरची काळपट, लांब पायांची चिलटं तुरुतुरु पळतात. पॉटला धक्का लागला की उडतात, पण लांब जात नाहीत, पुन्हा तिथेच बसतात.
- रात्री ग्रो लाइट (रोपांसाठीचा दिवा), टीव्ही, मोबाइल यांच्याभोवती घिरट्या घालतात, चहाच्या कपात पडतात. चावत मात्र नाहीत.
- टाकी भरलेली, खताचं प्रमाण बरोबर, तरी रोपं दुपारी माना टाकतात. खालची पानं पिवळी पडतात.
- नवी रोपं दोन-चार पानांवरच अडकून बसतात, काही बुडातून मऊ पडून आडवी होतात.
- कोकोपीटवर हिरवं शेवाळ असतं. बॅटरी तिरकी धरली तर त्यावर बारीक चकाकणाऱ्या चिकट रेघा दिसतात.
- स्पंज किंवा कोकोपीटचा वरचा थर काडीनं उकरला की पांढरट, जवळजवळ पारदर्शक अळी सापडते. डोकं काळं, चकचकीत. लांबी पाच-सहा मिलिमीटरच्या आत.

अळी सापडली तर हे फंगस नॅट, म्हणजे ओलीत-बुरशीत वाढणारं चिलट, असं धरून चाला. बाकीच्या लक्षणांना दुसरी कारणंही असू शकतात.

उपायाकडे जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. उडणारं चिलट जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतं. तेवढ्यात एक मादी शंभर-दोनशे अंडी घालू शकते. अंड्यापासून नव्या चिलटापर्यंतचा फेरा तापमानानुसार साधारण अडीच ते चार आठवड्यांचा, आणि त्यातला मोठा भाग अळीचा. म्हणजे डोळ्यांना दिसतात ती थोडी आणि कोकोपीटमध्ये लपलेली कितीतरी जास्त. "दादा, काल अख्खा डबा मारला, आज परत आहेतच की," असं वहिनी सांगतात तेव्हा स्प्रेचा दोष नसतो. त्यानं उडणारी मेली, आतली तशीच राहिली.

वाहत्या पाण्यात ही अळी वाढत नाही. तिला ओलही लागते आणि हवाही, शिवाय खायला बुरशी, शेवाळ किंवा कुजकं काहीतरी. ते संपलं की ती कोवळ्या मुळांवरचे केस खाते. नेट पॉटमधला कोकोपीटचा वरचा दोनेक सेंटिमीटरचा थर हे तिचं हक्काचं घर. पुढचं सगळं काम तेवढा थर कोरडा, अंधारा आणि स्वच्छ ठेवण्याचं आहे.

१. चिलट कुठलं आहे ते आधी बघा (फुकट)

पिवळं चिकट कार्ड कृषी सेवा केंद्रात मिळतं. नाही मिळालं तर पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याला एरंडेल तेल फासा. कार्ड उभं टांगण्यापेक्षा पॉटच्या कडेला, कोकोपीटच्या जवळ आडवं ठेवा, कारण ही चिलटं खालूनच उडतात. दुसऱ्या दिवशी कार्डाचा मोबाइलनं झूम करून फोटो काढा.

अंग सडपातळ, पाय लांब, मिशा लांब, पंख धुरकट पारदर्शक आणि पंखाच्या टोकाकडच्या शिरेला फाटा फुटलेला असेल तर फंगस नॅट. अंग जाडसर, मिशा आखूड, घरमाशीच्या पिल्लासारखं रूप आणि पंखावर फिकट ठिपके असतील तर ती शेवाळमाशी, तिला शोअर फ्लाय म्हणतात. तिचा जीव शेवाळावर. तिच्यासाठी पुढची सहावी पायरी उपयोगाची नाही, चौथी मात्र नीट करा. लाल डोळ्यांची तपकिरी माशी असेल तर ती केळ्याच्या फण्यावरून आलीय, रॅकला हात लावू नका. पंखांवर केस असलेली, भिंतीवर पतंगासारखी बसणारी माशी मोरीतली. आणि पांढऱ्या पिठासारखी उडणारी असेल तर ती पांढरी माशी. ती पानाच्या खालच्या बाजूला राहते, तिचा इलाज अगदी वेगळा.

ही पायरी टाळून लोक थेट औषधाच्या दुकानात जातात आणि भलत्याच किड्याचं औषध घेऊन येतात.

टाकीच्या पाण्यात वळवळणारे, पृष्ठभागाला येऊन लटकणारे किडे दिसले तर ते डासांचे. पंप नसलेल्या, साठल्या पाण्याच्या पद्धतीत पावसाळ्यात हे हमखास होतं. झाकण घट्ट बसवा. तपासणीला आलेल्या आशाताईंनी डेंगीवरून बोल लावले तर त्यांचं बरोबर आहे.

२. रॅक निर्दोष आहे का, ते बघा (एका बटाट्याचा खर्च)

बटाट्याची अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती कापा आणि कापलेली बाजू खाली करून कोकोपीटवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटी करा. अळ्या असतील तर चकतीच्या खालच्या बाजूला जमलेल्या दिसतील. अशीच चकती घरातल्या प्रत्येक कुंडीत ठेवा: मनी प्लांट, कडीपत्ता, आणि पाऊस लागला म्हणून गच्चीवरून आत आणलेल्या सगळ्या कुंड्या.

बेळगावच्या घरांत अर्ध्या वेळा मूळ इथेच निघतं. जूनमध्ये कुंड्या आत येतात, त्यांत गांडूळखत नाहीतर साखर कारखान्यातली प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) भरपूर घातलेली असते, आणि सवयीनं रोज तांब्याभर पाणी चालूच राहतं. चिलटं तिथे जन्मतात आणि ग्रो लाइटच्या उजेडाला रॅकवर येतात. अशा कुंड्यांचं पाणी कमी करा, वरचा बोटभर थर कोरडा पडल्याशिवाय पुन्हा घालू नका. स्वयंपाकघरातली ओल्या कचऱ्याची बादलीही रोज रिकामी करा.

मोरीवर संशय असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, हवेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला काय चिकटलंय ते बघा.

३. पाण्याची पातळी आणि टायमर (फुकट, आणि सगळ्यात जास्त गुण देणारी)

रोप लहान असताना नेट पॉटचं बूड पाण्याला टेकलेलं लागतं. मुळं चार-पाच सेंटिमीटर खाली उतरली की ती गरज संपते, पण पातळी खाली करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कोकोपीट खालून पाणी ओढत राहतं आणि वरचा थर चोवीस तास ओला राहतो. पातळी पॉटच्या बुडाखाली दोन-तीन सेंटिमीटर आणा. मुळांना मधल्या मोकळ्या जागेत हवाही मिळेल.

ठिबकवर ग्रो बॅगा (रोपं लावायच्या पिशव्या) असतील तर टायमर उघडून बघा. एप्रिलमध्ये बेळगावच्या उन्हाला बसवलेली वेळ जुलैच्या धुक्यातही तशीच चालू असते. हवेतच इतका ओलावा असताना झाड पाणी ओढणार किती? पावसाळ्यात फेऱ्या कमी करा. किती ते आकड्यानं सांगता येत नाही. बॅग उचलून बघा, हाताला हलकी लागली की पुढचं पाणी. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तरी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार हाच टायमर असतो.

मग वरचा थर झाका. धुतलेले क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) किंवा जाडी वाळू सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पसरा. तो थर लवकर वाळतो आणि मादीला अंडी घालायला ओली जागा सापडत नाही. पॉटच्या उंचीला छोटा टेबलफॅन मंद लावला तर दुहेरी फायदा: थर वाळतो, आणि उडण्यात कच्च्या या चिलटांना वाऱ्यात बसता येत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात फॅनशिवाय वरचा थर वाळणं अवघडच.

४. उजेड कुठून आत जातो (थोडं काळं प्लास्टिक)

उजेड, पाणी आणि खत एकत्र आलं की शेवाळ धरणारच. शेवाळ म्हणजे अळीचं जेवण.

रात्री खोलीतले दिवे बंद करा, टाकीत किंवा पाइपच्या तोंडात बॅटरी पेटवून ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच दिवसा आत जातो. पांढरा पातळ डबा कंदिलासारखा उजळलेला दिसतो, मग मालक आपणच गप्प होतो. डब्याला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. नुसता काळा दिला तर खिडकीच्या उन्हात पाणी तापेल.

पाइपची रिकामी भोकं तर हटकून विसरली जातात. पालक काढला, भोक तसंच उघडं. बाटलीचं झाकण, थर्माकोलचा गोल तुकडा, जे बसेल ते लावून बंद करा.

५. कुजकं काय पडलंय (वेळ जातो, पैसे नाही)

पाइपची टोकं उघडा. जुन्या पिकाच्या मुळांचा गुंता आत राहिलेला असतो, तो ओढून काढा. पंपाचा स्पंज धुवा. पिवळी पानं रॅकवर पडू देऊ नका. वापरलेला कोकोपीट पुन्हा वापरायची सवय असेल तर निदान हे चक्र तुटेपर्यंत थांबा.

टाकीत जीवामृत, गुळाचं पाणी, शेणखताचा अर्क असलं काही घातलंय का, ते प्रामाणिकपणे आठवा. जमिनीत जीवामृताचं काम वेगळं. इथे गूळ आणि बेसन टाकीच्या कडेला साय धरतात, बुरशी पोसतात आणि पंप तुंबवतात. घातलं असेल तर पाणी बदला. शेजारच्या अण्णांच्या उसाला ते लागू पडलं, म्हणून आपल्या टाकीला पडेलच असं नाही.

नवा कोकोपीट घेताना दाबलेली, सुकी वीट घ्या. दुकानात उघड्यावर ओलसर राहिलेल्या सुट्या पोत्यातून अंडी-अळ्या फुकट घरी येतात. शंका वाटली तर कोकोपीटवर उकळतं पाणी ओता, पूर्ण गार होऊ द्या, निथळून मग रोपं लावा.

याच वेळी एक रोप हलक्या हातानं वर काढून मुळं बघा. पांढरी किंवा कोकोपीटच्या रंगानं फिकट तपकिरी झालेली, पण ताठ असतील तर चिंता नाही. काळपट, बुळबुळीत, वास मारणारी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर प्रकरण चिलटांच्या पुढे गेलंय. ती पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची मुळकूज. अळ्यांनी कुरतडलेल्या मुळांत तिला वाट मिळते, आणि तिचे बीजाणू चिलटंही एका पॉटवरून दुसऱ्यावर नेऊ शकतात. त्याचं काय करायचं ते खाली आहे.

६. आता औषध

वरचं केल्याशिवाय इथे येऊ नका. ओल तशीच ठेवून औषध घातलंत तर दर महिन्याला तेवढाच खर्च.

माझी पहिली पसंती बीटीआयला, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जिवाणूचं औषध. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तेच. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून नुसतं टाकीत घालू नका. पाकिटावरच्या प्रमाणात कालवून प्रत्येक पॉटच्या कोकोपीटवर वरून ओता. असर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे आठवड्याला एकदा, असे निदान चार आठवडे. दोनदा घालून चिलटं कमी झाली की लोक सोडतात, आणि कोषातली बाहेर पडून पुन्हा पहिला पाढा सुरू होतो.

दुकानात नुसतं "बीटी द्या" म्हणू नका. आपल्याकडे कोबी-फ्लॉवर करणारे शेतकरी जे बीटी नेतात ते कुर्स्टाकी जातीचं. ते पतंगवर्गातल्या अळ्यांना मारतं, चिलटांच्या अळीला काही होत नाही. पाकीट हातात घेऊन नाव वाचा. लेबल कन्नडमध्ये असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या.

बीटीआय मिळेपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड तात्पुरतं चालतं. मेडिकलमध्ये '२० व्हॉल्यूम' म्हणून मिळतं ते सहा टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग, पाणी नऊ भाग, आणि फक्त कोकोपीटच्या वरच्या थरावर. फेस येतो, नाजूक अळ्या मरतात. टाकीत ओतू नका. बीटीआय घालता त्याच दिवशी तर नकोच. हातमोजे घाला.

कडुलिंबाचं तेल टाकीत नको, कुणी कितीही सांगो. पाण्यावर तवंग येतो, मुळांना लेप बसतो, ठिबकची तोंडं बंद होतात.

निपाणी भागात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे तंबाखूचा काढा. घरात तंबाखू असतेच, फुकटचं काम. घरातल्या पालेभाजीवर हे मुळीच करू नका. निकोटिन माणसालाही विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं, आणि लेट्यूस आपण कच्चं खातो. टोमॅटो-ढोबळी मिरचीला तंबाखूतला मोझॅक विषाणू लागण्याचा धोका आहेच. विडी ओढून, तंबाखू मळून आलेल्यानंही हात साबणानं धुवूनच रोपांना हात लावावा.

अगरबत्ती, मच्छर कॉइल, हिटचा फवारा यांनी उडणारी कमी होतात, अळीला कळतही नाही. पिवळी कार्डंही त्यातलीच, पण ती मोजमापाला ठेवा. दर रविवारी नवं कार्ड लावा आणि जुन्यावर तारीख लिहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या कार्डावर आकडा उतरलेला दिसला पाहिजे. उतरत नसेल तर एखादी ओली जागा अजून सापडलेली नाही, दुसऱ्या पायरीपासून पुन्हा बघा.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

टाकीत हात घातल्यावर किंवा स्टँडला लागल्यावर झिणझिण्या आल्या तर चिलटं बाजूला राहू द्या. मेन बंद करा, मगच प्लग काढा, आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसलेल्या बोर्डावर पाण्यातला पंप चालवू नये. पावसाळ्यात तर नाहीच.

निम्म्याहून जास्त रोपांची मुळं बुळबुळीत असतील तर वाचवायचा नाद सोडा. पीक फेका, पाणी ओता, पाइप आणि टाकी घासून घरगुती ब्लीचच्या पाण्यानं धुवा, खळखळून स्वच्छ करा, वाळवा. ब्लीच आणि पाण्याचा पीएच (आम्लता-क्षारता) कमी करायचं ॲसिड एकत्र येता कामा नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरही त्याच्याजवळ आणू नका. हे काम खिडकी उघडी ठेवून करा.

रॅक स्वच्छ, कुंड्या कोरड्या, तरी चिलटं एका भिंतीकडूनच येत असतील तर तिथे ओल मुरतेय. गळका पाइप, गच्चीची भेग, कपाटामागची बुरशी. ते प्लंबर किंवा गवंड्याचं काम.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवायचं ठरवलंत तर खाण्याची भाजी आहे हे आधी सांगा आणि टाकी उघडी असताना फवारू देऊ नका. बहुतेक जण उडणाऱ्या किड्यांवर मारून जातात, त्यामुळे अळीसाठी नेमकं काय करणार ते विचारूनच पैसे ठरवा. पालेभाजीच्या टाकीत इमिडाक्लोप्रिडसारखं अंगात भिनणारं कीटकनाशक घाला असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा.

पॉलिहाउसमध्ये किंवा विक्रीसाठी पीक घेत असाल तर घरगुती उपायांत आठवडे घालवणं परवडणार नाही. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला आणि गोकाक भागात तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्र आहे, अरभावीला बागायती महाविद्यालय आहे. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसूल विभागाच्या) रैत संपर्क केंद्रातही, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीतही, चौकशी करता येते. मराठीत बोललात तरी काम अडत नाही, पण तक्रार दोन ओळींत कन्नडमध्ये लिहून नेली तर बरं.

जाताना चार गोष्टी न्या: चिलटं चिकटलेलं कार्ड पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून, मुळांसकट एक आजारी आणि एक बरं रोप ओल्या कागदात, टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत, आणि गेल्या महिन्यातल्या ईसी (पाण्यातल्या खताचं मोजमाप) आणि पीएचच्या नोंदी. रोपं सकाळी निघतानाच उपटा. आदल्या रात्री उपटून ठेवलेली मुळं पोचेपर्यंत काळी पडतात, मग ती रोगानं काळी की वाटेत काळी, ते तिथल्या माणसालाही सांगता येत नाही.